रेशमापासून गोणपाटापर्यंत

टिटवीचा पाय मुरगळला तो शाळेच्या जिन्यात, शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरताना. असं उतरू नकोस म्हणून सतरा वेळा सांगून झालं होतं. घोटा सुजला, बर्फ लावला, पट्टी बांधली, एक्स-रे काढला तर हाड शाबूत. पंधरा दिवसांत पळायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दुसराही गेला. पळणं राहिलं बाजूलाच, पोरगी पाऊल जमिनीला टेकवेना.

टिटवी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. नऊ वर्षांची पोर, काड्यांसारखे लांब पाय आणि तोंडाची टकळी दिवसभर चालू, म्हणून बापानं ठेवलेलं. आता ती भिंतीला धरून लंगडी घालत न्हाणीघरापर्यंत जायची, तेव्हा ते नाव घ्यायला जीभ वळत नसे. पण सवयीनं तेच तोंडात यायचं.

पाय पाहावा तर पाहण्यासारखं काही नाही. दुसऱ्या पायापेक्षा जरा गार, जरा निळसर, तळव्याला कधीकधी घाम. जखम नाही, सूज नाही. पण मोजा चढवू द्यायची नाही. चादरीचा काठ लागला की किंचाळायची. पंख्याचा वारा घोट्यावरून गेला तरी पाय ओढून घ्यायची, त्यामुळे ऐन उकाड्यात घरातला टेबलपंखा शिक्षा झालेल्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून फिरत असायचा.

डॉक्टर चार झाले. एकानं कॅल्शियम दिलं, एकानं नवे बूट सांगितले, तिसऱ्यानं पट्टी आणखी घट्ट बांधली. चौथ्यानं मुलीच्या पायापेक्षा आईच्या चेहऱ्याकडेच जास्त वेळ पाहिलं आणि विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या प्रश्नानं आईच्या डोक्यात जे घर केलं ते केलंच. ठीक म्हणजे काय? आपण ओरडतो का जास्त? नोकरी करतो म्हणून? शेजारणीची मुलगी कशी तुरुतुरु शाळेत जाते. तेव्हापासून ती मुलीकडे बघायची ते दोन डोळ्यांनी दोन गोष्टी बघत: एकानं पाय, दुसऱ्यानं चेहरा. आणि दोन्हींचा मेळ बसतो का, हे मनातल्या मनात पडताळून बघायची.

पडताळणं हा तिचा धंदाच होता. पडद्यांच्या आणि सोफ्यांच्या कापडाच्या एका मोठ्या दुकानात ती नमुन्यांची पुस्तकं करायची. प्रत्येक ताग्याचा तळहाताएवढा तुकडा, कडा कातरीदार, मागं चिकटपट्टी, खाली क्रमांक. आणि पुस्तकात तुकड्यांचा क्रम लावायचा तो रंगावरून नाही, पोतावरून. एक नंबरला रेशीम, चोवीस नंबरला गोणपाट. मधल्या बावीस पायऱ्या सांगायला डोळे उपयोगाचे नाहीत. डोळे मिटायचे आणि कापड मनगटाच्या आतल्या बाजूवरून असं न्यायचं की लागलं न लागल्यासारखं. दाबून बघितलं तर सगळी कापडं सारखीच लागतात; कापड बोलतं ते हलक्या हाताशी. दुकानात नव्या मुली यायच्या, दाबून बघायच्या, चुकायच्या. मालक म्हणायचा, नमुनेवालीचा हात म्हणजे हात नाही, पाखराचं पीस आहे. हे कौतुक तिनं माहेरी, सासरी, सगळीकडे सांगून झालेलं होतं.

पाचवा डॉक्टर दुखण्याचाच डॉक्टर होता. म्हणजे हाडांचा नाही, कातड्याचा नाही, नुसत्या दुखण्याचा. असा डॉक्टर असतो हेच नमुनेवालीला माहीत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, दुखण्याचा डॉक्टर म्हणजे भिकाऱ्यांचा सावकार, पण बरोबर आल्या. त्यानं टिटवीला आधी शाळा विचारली, मैत्रीण विचारली, मग पाय लांबूनच पाहिला आणि हात न लावता म्हणाला, "खूप दुखतं ना?" टिटवीनं मान हलवली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा न ओरडता रडली.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. दाराशी चोर आला, कुत्रा भुंकला, हे बरोबरच झालं. चोर कधीच पळाला, पण कुत्र्याला ते पटत नाही. आता पानं हलली तरी भुंकतो, घरचा माणूस आला तरी भुंकतो. पाय बरा झालाय, पायातल्या शिरा, म्हणजे दुखणं मेंदूपर्यंत नेणाऱ्या तारा, अजून भुंकताहेत. कुत्रा खोटा नाही आणि भुंकणंही खोटं नाही. फक्त चोर नाही. आणि असल्या कुत्र्याला मारून गप्प करता येत नसतं. त्याला रोज थोडं थोडं दाखवायचं की हा आपलाच माणूस आहे.

उपाय तीन होते. संध्याकाळी एक अर्धी गोळी. आरशाचा व्यायाम: दोन पायांच्या मधे आरसा उभा करायचा आणि चांगला पाय हलवायचा, म्हणजे आरशात दुखरा पायच मजेत हलताना दिसतो. आणि तिसरा, रोज कापड लावणं. तो समजावला व्यायामाच्या बाईंनी. त्या उंच, हसऱ्या, बोलायला घाईच्या. "वेगवेगळी कापडं घ्या. तिला सगळ्यात सोपं वाटेल तिथून सुरू करा आणि मग अवघडाकडे जा. रोज शून्य ते दहातला आकडा विचारून लिहून ठेवा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

कापड म्हटल्यावर नमुनेवालीच्या जिवात जीव आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला येणारी गोष्ट सांगितली होती. पुढचं वाक्य तिनं अर्धवट ऐकलं. सोपं काय आणि अवघड काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पण निघताना डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिनं पूर्ण ऐकलं. सहा आठवडे बघू. तोवर पाऊल टेकून चालायला लागली नाही, तर केंद्रात ठेवावं लागेल. शहराबाहेर होतं ते, अशा मुलांसाठी. दोन महिने राहायचं; घरच्यांनी भेटायचं ते फक्त रविवारी.

नऊ वर्षांची पोर, जिला अजून आईशिवाय केस विंचरून घेता येत नव्हते. नमुनेवालीनं तिथंच ठरवलं, जिवाचं रान करीन पण पोरीला तिकडे धाडणार नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं टिटवीचं पुस्तक बनवलं. चोवीस तुकडे, कडा कातरीदार, एक नंबरला रेशीम. एक वही केली, तिच्यात दिवसाला एक चौकोन आखला. रोज पाच वाजता दुकानातून यायची, हातपाय धुवायची, पोरीला खाटेवर बसवायची, पायांमधे आरसा उभा करायची आणि रेशमाचा तुकडा दोन बोटांत धरून, लागला न लागल्यासारखा, घोट्यावरून न्यायची.

टिटवी पहिल्या दिवशी अशी किंचाळली की वरच्या मजल्यावरचे खाली आले.

"किती?"

"दहा. अकरा."

"अकरा नसतंच."

दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी दहा. बाप शाळेची बस चालवायचा. पाच वाजले की तो बस धुवायला निघून जायचा. मला नाही बघवत, म्हणायचा. बस इतकी स्वच्छ कधीच नव्हती. नमुनेवालीलाही कुठं बघवत होतं? पण कुणीतरी बघायलाच हवं होतं, आणि ते कुणीतरी कोण, हे लग्नाच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. ती हात आणखी हलका करायची. पीस काय, श्वास लागावा इतका हलका. पोर आणखी मोठ्यानं ओरडायची.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून तिच्या मनात ते यायला लागलं. रेशीम. जगात रेशमापेक्षा मऊ काही आहे का? तान्ह्या मुलाला ज्यात गुंडाळतात ते. आणि याला दहा? मग गोणपाटाला काय म्हणणार ही? पुढच्या पायरीवर जायचा प्रश्नच नव्हता. पहिलीत नापास झालेल्याला दुसरीत कोण बसवतं?

त्यातच एक गोष्ट तिनं पाहिली आणि पाहिल्याची कुणाला दाखवली नाही. रात्री सासूबाई नातीशेजारी बसायच्या, जाड घोंगडीवरून तिचा पाय आपल्या दणकट हातांनी गच्च धरून ठेवायच्या आणि बडबडायच्या, दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, वगैरे. सासूबाईंचा हात म्हणजे सांडशी. आणि टिटवी चक्क हसत असायची. गच्च धरलेला पाय, वरून खरखरीत घोंगडी, आणि पोरगी हसतेय. आईनं रेशीम आणलं की दहा.

हे एखाद्या आईला लागणारच. लागलं. आजीजवळ लाड आणि आईजवळ नाटक, असा त्याचा अर्थ तिनं लावला. चौथ्या डॉक्टरचा प्रश्न पुन्हा डोक्यात घुमायला लागला. घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे त्याला कळलं होतं.

बाराव्या दिवशी दुकानात विजेचं काही काम निघालं, सगळ्यांना दुपारीच सोडलं. ती घरी आली तर सासूबाई बाहेर गेलेल्या आणि टिटवी खाटेवर कुशीवर झोपलेली. दुखरा पाय चादरीबाहेर. तोंड जरा उघडं, श्वास लांब. नमुनेवाली दारातच थांबली. तिच्या मनात ते कसं आलं हे नंतर तिलाही सांगता आलं नाही. पण चपला काढून, दबकत आत जाऊन, पुस्तकातनं एक नंबर काढेपर्यंत तिचा हात जराही अडखळला नाही. झोपेत कुणाला नाटक करता येत नाही. झोपेत पाय खरं बोलेल.

तिनं रेशीम घोट्यावरून नेलं. एकदा. मग पुन्हा, पोटरीपर्यंत. मग तळव्यावरून, बोटांच्या मधून, आपल्याला येतं तितक्या हलक्या हातानं, चांगला मिनिटभर.

टिटवी हलली नाही. पापणीसुद्धा नाही.

नमुनेवाली स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आधी तिला आनंद झाला, म्हणजे पाय बरा आहे. मग तो आनंद उतरला आणि खाली राग होता. अडीच महिने. पाच डॉक्टर. तिची नोकरी जाता जाता राहिलेली, नवऱ्याशी बोलणं तुटलेलं, रात्ररात्र डोळा नाही. आणि हे.

संध्याकाळी बाप बस लावून आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. आवाज खाली ठेवला नाही, ठेवायचाच नव्हता. मधे नुसता पडदा होता आणि पडद्यापलीकडे टिटवी. "झोपेत काही होत नाही तिला. काहीही नाही. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?"

बाप म्हणाला, असं करायला नको होतंस. पण ते त्यानं इतकं पुटपुटत म्हटलं की ते कुणालाच उपयोगी पडलं नाही. सासूबाई म्हणाल्या, ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या कुणाच्या बाजूनं बोलल्या ते कळलं नाही.

पडद्यापलीकडे त्या दिवशी टकळी बंद होती.

त्यानंतरचे दिवस नमुनेवालीनं नियमानं काढले. ओरडलीस तर पुन्हा पहिल्यापासून. रडलीस तर मैत्रिणीचा फोन बंद. ती मारायची नाही. तिनं आयुष्यात पोरीवर हात उगारला नव्हता आणि याचा तिला अभिमान होता. नुसती थांबायची. रेशीम घोट्यावर तसंच ठेवून, लागलं न लागल्यासारखं, विचारायची, "किती?" आणि आकडा येईपर्यंत उचलायची नाही.

"आठ."

भुवई.

"सात."

दुसऱ्या दिवशी सहा. मग पाच. मधे आरसा होता. टिटवी आरशात पाय बघते आहे असं तिला वाटायचं. खरं तर पोरगी आरशात आईचा चेहरा बघायची आणि आकडा तिथं वाचायची. तिथं तीन वाचला तर तीन म्हणायची. विसाव्या दिवशी रेशमाला शून्य मिळालं, आणि नमुनेवालीनं तिला उचलून घेतलं, मुके घेतले, रडली. मग कापडं भराभर उरकली: साटीन, मलमल, सुती, मखमल, लोकर. पुढं पुढं तर गंमतच झाली. खरखरीत कापडं आली की पोरीचे खांदे खाली यायचे, चेहरा सैल पडायचा. गोणपाटाच्या दिवशी तिनं डोळे मिटून "शून्य" म्हटलं ते सुस्कारा सोडल्यासारखं. बघ, आईनं नवऱ्याला सांगितलं, चोवीस नंबरला सुद्धा शून्य. पाचव्या आठवड्यात टिटवीनं पाऊल टेकलं. खाटेपासून दारापर्यंत नऊ पावलं चालली. वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे होते. नमुनेवालीच्या नजरेतून काही सुटत नसे. तेही सुटलं नाही. उकाडा फार आहे, असं म्हणून तिनं ते पुसलं.

सहा आठवडे भरले त्या दिवशी ती वही, नमुन्यांचं पुस्तक आणि पोर घेऊन गेली. टिटवी रिक्षापासून डॉक्टरांच्या दारापर्यंत चालत आली. वहीतली शून्यं डॉक्टरांनी पाहिली, व्यायामाच्या बाईंनी पाहिली. छान, म्हणाल्या त्या, खरंच छान. मग पाय हातात न घेता नुसता बघत राहिल्या. पाय निळसर होता. बोटं आत वळलेली.

त्यांनी कापसाचा एक तंतू घेतला. "डोळे मीट गं. आता मी काहीतरी लावीन, तू आकडा सांग."

टिटवीनं डोळे मिटले. कापूस घोट्याला लागला. तिचे खांदे कानांपर्यंत आले, खुर्चीच्या कडेवरची बोटं पांढरी झाली, पण तोंडातून हूं नाही. बाईंनी विचारलं, किती? पोरीनं मिटल्या डोळ्यांनीच मान आईच्या खुर्चीकडे वळवली.

"आई, किती सांगू?"

नमुनेवाली हसली. गंमत करते, म्हणाली ती. ही ना, पहिल्यापासून अशीच. तिचं हसणं तिचं तिलाच ऐकू आलं आणि थांबलं.

बाईंनी कापूस बाजूला ठेवला आणि टेबलावर नमुन्यांच्या पुस्तकातले तुकडे सोडवून पसरले. तुझ्या मनानं लाव, म्हणाल्या. सोपं आधी. टिटवीला एक मिनिट लागलं नाही. पत्ते लावावेत तशी तिनं रांग लावली. पहिलं गोणपाट. मग काथ्याचं, मग जाड लोकर, मग खरखरीत टॉवेलचं. मऊ कापडं येत गेली तशी तिची बोटं मंद झाली. रेशीम तिनं चिमटीत धरून टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं आणि हात फ्रॉकला पुसला.

"मी म्हटलं होतं, तिला सोपं वाटेल तिथून," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

"पण रेशीम तर सगळ्यात मऊ..."

"कुणाला?"

मग डॉक्टरांनी सांगितलं. असल्या पायाला गच्च धरलेलं चालतं, खरखरीत चालतं. हलकं सोसत नाही. वारा, चादर, केस, पीस. जेवढं हलकं तेवढं जास्त जळतं. हे पुष्कळांना माहीत नसतं, तुमचा दोष नाही. दोष नाही म्हटलं की तो कुठं असतो हे सगळ्यांना कळतं. नमुनेवालीनं मांडीवरचा आपला उजवा हात पाहिला. मालक ज्याला पीस म्हणायचा तो.

पण झोपेत, ती म्हणाली. तिला थांबता आलं नाही; इतके दिवस ज्याच्यावर उभी होती ते तिनं टेबलावर ठेवलं. झोपेत मी स्वतः लावून बघितलं होतं. काहीसुद्धा झालं नाही तिला.

बाईंनी टिटवीकडे पाहिलं. आणि टिटवी, महिनाभर गप्प असलेली टिटवी, पूर्वीच्या टकळीनं बोलायला लागली, आईकडे न बघता, बाईंना, कुणा तिसऱ्याच मुलीची हकिगत सांगावी तशी. "मी झोपलेली नव्हतेच. चपला वाजल्या तेव्हा मला वाटलं, झोपलेय असं दाखवलं तर आजचं रेशीम टळेल. म्हणून तोंड पण उघडं ठेवलं. पण तिनं झोपेतच लावलं. मग उठले असते तर खोटं कळलं असतं ना? म्हणून मी मनात आकडे मोजले. शंभरपर्यंत मोजायचे ठरवले होते. एकसष्टला ती गेली."

थोडं थांबून तिनं पुढं जोडलं, "मग संध्याकाळी ती बाबांना म्हणाली की मी सोंग घेते. ते खरं होतं. पण झोपेचं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग ते कामाचं बोलले. पाय हाताबाहेर गेलेला नाही, मुलांचे पाय फार समंजस असतात. वाया गेले ते सहा आठवडे. पुन्हा सुरू करू, या नव्या रांगेनं, गच्च हातानं. घरी करता येईल. नाहीतर केंद्र आहेच.

घरीच, नमुनेवाली म्हणाली. घरीच करू. मला आता कळलंय. मी बरोबर करीन. एवढी एक संधी द्या, दोन आठवडे द्या. ती डॉक्टरांना म्हणत होती, पण वाकली होती पोरीकडे. टिटवी आपल्या पायाकडे बघत होती.

"तिकडे कापड कोण लावतं?" तिनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "तिकडे ज्याचं तोच लावतो. स्वतःच्या हातानं. थांब म्हटलं की थांबायचं."

"मग तिकडे," टिटवी म्हणाली.

तिसऱ्या रविवारी ते तिघं भेटायला गेले. पहिल्या दोन रविवारी भेट अर्धा तासच झाली होती. केंद्र म्हणजे एक लांबट बैठी इमारत, मधे अंगण, अंगणात वाळूचा चौकोन, गोट्यांचा चौकोन, गवताचा चौकोन. पोरं अनवाणी त्यावरून चालत होती, काही रडत होती, आणि रडणाऱ्याला कुणी आकडा विचारत नव्हतं. टिटवी गोट्यांवरून चालत आली. लंगडत होती, पण दोन पायांवर. बापानं तोंड फिरवलं आणि बराच वेळ नाक शिंकरलं. सासूबाईंनी तिला गच्च आवळून धरलं, इतकं की नमुनेवालीच्या तोंडून हळू, हळू असं आलं. पण पोरगी त्या मिठीत गुदमरून हसत होती.

नमुनेवालीनं नवं पुस्तक करून आणलं होतं. चोवीस तुकडे, एक नंबरला गोणपाट. त्यासाठी ती आठवडाभर दुकानात डबा न खाता बसली होती. टिटवीनं ते घेतलं, चाळलं, छान आहे म्हणाली, पाहुण्यांनी आणलेल्या वस्तूला म्हणावं तसं. आमच्याकडे इथं आहेत, म्हणाली. मग इथल्या नव्या मैत्रिणीचं सांगितलं, तिच्या हाताला असंच आहे, ती सायकलवरून पडली होती. मग जेवणाला हसली, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या मुलीची नक्कल केली. टकळी पुन्हा सुरू होती. नमुनेवाली ऐकत होती आणि एका डोळ्यानं पाय, दुसऱ्यानं चेहरा बघत होती. ते तिला बंद करता येईना.

"आता किती दुखतं गं?"

टिटवी बोलायची थांबली. चिडली नाही. "ते इथल्या ताईंना सांगायचं असतं," म्हणाली, आणि घोरण्याची नक्कल जिथं सोडली होती तिथून पुढं करायला लागली.

घंटा झाली. बाप आणि सासूबाई फाटकाकडे निघाले. नमुनेवाली मागं राहिली. तीन आठवडे तिला काही बोलायचं होतं, पण पोरीपुढे उभं राहिल्यावर शब्द येईनात; हात आला. पायाला नाही, पायाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं हात पोरीच्या गालाला लावला. गाल कधीच दुखत नव्हता. तिला एकच तऱ्हेनं हात लावता येत होता, तसा लावला. लागला न लागल्यासारखा.

टिटवी मागं सरली नाही. तिनं डोळे मिटले, तोंड जरासं उघडं टाकलं आणि अगदी स्थिर उभी राहिली. श्वास लांब. फक्त ओठ हलत होते, आवाज न करता.

नमुनेवालीला ते वाचायला वेळ लागला. तिनं हात काढला तेव्हा टिटवी चौदावर होती.